जुन्या पिकअपचा पुढचा भाग दुरुस्त करताना: पाटे, किंगपिन आणि स्टिअरिंग यांचा योग्य क्रम

स्टिअरिंग ढिले लागते म्हणून स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळला, तर वळणानंतर चाके आपोआप सरळ होईनात; म्हणून टाय रॉडची (दोन्ही पुढची चाके जोडणाऱ्या दांडीची) टोके बदलली, तर गाडी ताशी ४५-५० किलोमीटरला थरथरू लागली; मग स्टिअरिंग डॅम्पर (झटके शोषणारा भाग) बसवला आणि थरथर तेवढी झाकली गेली. जुन्या महिंद्रा पिकअपच्या पुढच्या भागावर होणाऱ्या खर्चाची ही नेहमीची चढती भाजणी आहे. बदललेले भाग बहुतेक वेळा चांगलेच असतात. चुकलेला असतो तो क्रम. पुढच्या भागातले प्रत्येक माप आधीच्या मापावर उभे असते. चासी सरळ नसेल तर पाटे (लीफ स्प्रिंग) नीट बसत नाहीत, पाटे नीट बसले नाहीत तर अ‍ॅक्सलचा कल बदलतो, आणि किंगपिन (जिच्यावर चाक डावी-उजवीकडे वळते ती पिन) ढिली असेल तर टो-इन (चाके पुढून किंचित आत वळलेली असणे) मोजण्यालाच अर्थ उरत नाही. म्हणून ज्या स्टिअरिंग बॉक्सवर सगळ्यांचा पहिला संशय जातो, त्याला हात बाकीचे सगळे भाग झाल्यावरच लावायचा.

हा लेख पुढे पाट्यांवर उभा असलेला अखंड अ‍ॅक्सल आणि ड्रम ब्रेक असलेल्या जीप-घराण्यातल्या पिकअपसाठी आहे. फोर व्हील ड्राइव्ह आणि टू व्हील ड्राइव्ह यांच्यातला फरक पाचव्या टप्प्यात येईल.

## १. एकही बोल्ट सैल करण्यापूर्वी

गाडी सपाट फरशीवर उभी करा आणि चारही टायरांत ठरलेली हवा भरा. इंदूरमधल्या बहुतेक गल्ल्यांना पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, त्यामुळे रस्त्याच्या कडेला घेतलेली मापे फसवी निघतात. एखाद्या गोदामाची किंवा पार्किंगची सपाट जागा शोधावी लागते.

पुढील मापे वहीत लिहून ठेवा: दोन्ही बाजूंना अ‍ॅक्सलपासून चासीपर्यंतची उंची, पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंतचे डावे आणि उजवे अंतर, आणि स्टिअरिंग चाकाच्या कडेवर मोजलेला मोकळा प्ले (चाके न वळता स्टिअरिंग जितके फिरते तेवढी ढिलाई). यानंतर एका माणसाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडेथोडे हलवायला सांगा आणि स्वतः खाली बसून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवा. सांध्याचा एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा क्षणभर थांबून हलतो, तिथे झीज आहे. या पाच मिनिटांत जे कळते ते गाडी जॅकवर चढल्यानंतर कळत नाही, कारण वजन गेले की सांधे वेगळे वागतात.

पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्या मध्ये पाचरीसारखी तिरकी पट्टी असेल, तर तिची जाड बाजू पुढे आहे की मागे हे नोंदवा आणि फोटो काढा. तिच्यावर गाडीचा कॅस्टर (किंगपिनचा पुढे-मागे कल) ठरतो. उलटी बसवली तर गाडी सरळ रस्त्यावरही भटकते, आणि मग दोष शोधायला कुणी त्या पट्टीपर्यंत पोहोचत नाही.

सावधान: चासी क्रमांक कोरलेल्या भागावर ग्राइंडर, वायर ब्रश किंवा वाळूमारा चालवू नका. नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी त्या क्रमांकाचा पेन्सिलने छाप घ्यावा लागतो. अक्षरे झिजली तर गाडी कितीही चांगली झाली तरी कागद अडतात. त्या जागेवर आधीच कापडी टेप लावा.

## २. उचलणे, धुणे आणि उतरवणे

मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अटकण लावा, पुढचा भाग जॅकने उचला आणि चासीच्या दोन्ही दांड्यांखाली लोखंडी घोड्या ठेवा. विटा किंवा फरशीचे तुकडे रचून कधीही काम करू नका. वीट फुटताना आधी आवाज देत नाही.

आता धुणे. माळव्याची काळी माती शॅकलच्या (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या कडीच्या) आत आणि पाट्यांच्या थरांत जाऊन बसते, दर पावसाळ्यात भिजते आणि उन्हाळ्यात कौलाइतकी कडक होते. ती वरच्या धुलाईने निघत नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचा, तर तिचा खपलीसारखा अख्खा तुकडा निघतो, त्याच्या आतल्या बाजूला शॅकलचा ठसा उमटलेला असतो आणि त्या ठशाला गंजाचा तांबूस रंग असतो. ही खपली निघाल्याशिवाय चासीच्या कानांत भेग आहे की नाही, हे सांगता येत नाही. आधी खरवडणे, मग डिझेल आणि ब्रश, मग साबणाचे पाणी, आणि लगेच कोरडे करणे, असा क्रम ठेवा.

उतरवताना दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. अनेक जुन्या जीपगाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. नेहमीच्या सवयीने जोर लावला तर ते आणखी आवळले जातात आणि शेवटी स्टड तुटतो. यू आकाराच्या शॅकलमध्येही काही जागी उलटे आटे असतात. कोणताही नट हलत नसेल तर पान्याला पाइप लावण्याआधी आटा कोणत्या दिशेचा आहे, हे टोकाकडून बघा.

टाय रॉडचे टोक सोडवताना हातोडा आट्यांवर मारू नका. पुलर लावा, किंवा ज्या डोळ्यात टोक बसलेले आहे त्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने फटका द्या. निमुळता सांधा आपोआप सुटतो.

सावधान: ब्रेक ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके पिशवीत बांधून टाका.

## ३. चासी आणि अ‍ॅक्सल

हा टप्पा लोक सर्रास वगळतात, कारण इथे विकत आणण्यासारखे काही नसते. पाट्यांच्या चार कानांच्या छिद्रांमधून ओळंबे सोडा, फरशीवर खुणा करा आणि कर्ण मोजा. दोन कर्णांत ५ मिमीहून अधिक फरक आला तर चासी तिरकी झालेली आहे आणि ती जिगवर (चासी सरळ करण्याच्या साच्यावर) सरळ करून घेतल्याशिवाय पुढे जाण्यात पैसे वाया घालवण्यापलीकडे काही साधत नाही. पुढच्या बंपराच्या कानांजवळ आणि स्टिअरिंग बॉक्सच्या बैठकीभोवती भेगा विशेष शोधा. बॉक्सच्या बैठकीतली भेग स्टिअरिंग फिरवताना उघडते आणि सोडल्यावर मिटते, म्हणून वरून पाहून ती दिसत नाही. तिथे प्ले असल्याचा भास होतो आणि बिचारा बॉक्स बदलला जातो.

अ‍ॅक्सलवरच्या पाट्याच्या बैठका स्वच्छ करून त्यांवर सरळ पट्टी ठेवा. सेंटर बोल्टच्या डोक्यासाठीचे छिद्र लंबगोल झाले असेल, तर तो अ‍ॅक्सल कधीतरी घसरलेला आहे.

सावधान: वाकलेले स्टिअरिंग आर्म, ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सची ओढ पुढे नेणारी दांडी) किंवा नकल (चाक धरून किंगपिनवर वळणारा भाग) गॅसने तापवून सरळ करू नका आणि त्यांवर वेल्डिंगही करू नका. हे भाग बदलायचेच.

## ४. पाटे, बुश आणि यू-बोल्ट

पाट्यांचा जुडगा वाइसमध्ये किंवा मोठ्या क्लॅम्पमध्ये दाबून धरल्याशिवाय सेंटर बोल्ट काढू नका. दाबलेले पाटे एकदम उसळतात. प्रत्येक पाटा वेगळा घासून पाहा. भेग बहुतेक वेळा मुख्य पाट्याच्या डोळ्याजवळ किंवा सेंटर बोल्टच्या छिद्राच्या आडव्या रेषेत असते. कमान बसून गेली असेल तर पाटेवाल्याकडून दोन्ही बाजू एकाच वेळी आणि थंड स्थितीत चढवून घ्या. भट्टीत लाल करून वाकवलेल्या पाट्याला पुन्हा योग्य पाणी दिले गेले नाही, तर तो दोन महिन्यांत होता तिथे येतो. परत आल्यावर दोन्ही जुडगे फरशीवर शेजारी ठेवा आणि कमानीची उंची स्वतः मोजा. पावती आणि माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जोडताना सेंटर बोल्टचे डोके अ‍ॅक्सलच्या छिद्रात पूर्ण उतरले आहे, हे बोटाने चाचपून मगच पाटा अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट चढवा. यू-बोल्ट नवेच घ्या, कारण एकदा ताणलेले बोल्ट पुन्हा तोच ताण धरत नाहीत. नट आडव्या-तिडव्या क्रमाने, थोडेथोडे, टॉर्क रेंचने आवळा.

आता या टप्प्यातली सर्वांत महागात पडणारी चूक. रबरी बुश असलेल्या गाडीत शॅकलचे बोल्ट चाके लोंबकळत असताना पूर्ण आवळायचे नसतात. तसे केले तर रबर त्या लोंबत्या स्थितीत जखडले जाते, गाडी खाली उतरली की ते कायमचे पिळलेले राहते आणि लवकरच फाटते. मी स्वतः पहिल्या गाडीत हेच केले. चार नवी बुशे एका पावसाळ्यात चिंध्या झाली आणि मी वर्षभर त्या बुशांच्या दर्जाला नावे ठेवत होतो. बोल्ट हाताने बसतील तेवढेच लावा, काम पूर्ण झाल्यावर गाडी चाकांवर उतरवा, पुढून दोन-चार वेळा दाबून हलवा आणि मग पूर्ण आवळा. आट्याच्या धातूच्या बुशांना हा नियम लागू नाही; तिथे शॅकल अडकता कामा नये आणि ग्रीस निपलमधून टाकलेले ग्रीस दुसऱ्या टोकाने बाहेर आले पाहिजे.

तपासणी: जुनी तिरकी पट्टी नोंदवलेल्या दिशेलाच आहे का? दोन्ही शॅकल एकसारख्या कोनात उभ्या आहेत का?

## ५. किंगपिन

चाक उचलून वर-खाली हलवल्यावर जो प्ले जाणवतो, तो व्हील बेअरिंगचा की किंगपिनचा, हे आधी ठरवा. मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग सैल आहे. तसाच राहिला तर किंगपिन झिजलेली आहे.

फोर व्हील ड्राइव्ह. यात नकल अ‍ॅक्सलच्या टोकाच्या बंद गोळ्यावर फिरतो आणि वर-खाली एकेक निमुळते रोलर बेअरिंग असते. बेअरिंगवरचा दाब झाकणाखालच्या शिमांनी (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी) ठरतो: शिम काढले की दाब वाढतो, घातले की कमी होतो. वरच्या आणि खालच्या शिमांची एकूण जाडी शक्य तितकी सारखी ठेवा, नाहीतर नकल मध्यावरून सरकतो आणि चाकाला ताकद देणारा आतला जॉइंट तिरका चालतो. उतरवताना वरचे शिम आणि खालचे शिम वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा. एका गाडीत मला डब्याच्या पत्र्याचे कात्रीने कापलेले शिम सापडले होते. त्यांच्या कडा वळलेल्या होत्या, त्यामुळे झाकण आवळले की दाब बरोबर वाटे आणि कडा चेपल्या की आठवड्याभरात पुन्हा सैल होई.

दाब मोजण्यासाठी तेलाचे सील न लावता नकल जोडा, आर्मच्या टाय रॉडच्या छिद्रात हूक-काट्याचा (स्प्रिंगच्या वजनकाट्याचा) हूक अडकवा आणि आर्मला काटकोनात ओढा. नकल फिरत असताना काटा साधारण २ ते २.५ किलो दाखवायला हवा. सील लावून मोजलेले माप निरुपयोगी आहे, कारण तुम्ही तेव्हा सीलचे घर्षण मोजत असता. या प्रकारच्या अ‍ॅक्सलमध्ये थरथरीचे मूळ बहुधा इथेच असते: बेअरिंगवर दाबच उरलेला नसतो आणि नकल मोकळा डोलतो.

गोळ्याचा पृष्ठभाग गंजाने खड्डेदार झाला असेल तर नवे सील लावून उपयोग नाही, ते काही दिवसांत कापले जाते. हलके खड्डे बारीक पॉलिश कागदाने घासा. खोल असतील तर गोळा बदला. आत गिअर ऑइल किंवा पातळ ग्रीस, गाडीच्या पुस्तिकेत जे सांगितले असेल ते, लेव्हल प्लगपर्यंत भरा. तेल गळते म्हणून घट्ट बेअरिंग ग्रीस कोंबण्याची पद्धत सगळीकडे आहे आणि ती चुकीची आहे: ते ग्रीस फिरण्याने बाजूला फेकले जाते, परत येत नाही आणि जॉइंट कोरडा चालतो.

टू व्हील ड्राइव्ह. इथे साधी किंगपिन पितळी बुशांत फिरते. जुनी पिन काढण्याआधी तिला अडवणारी आडवी खुंटी काढा. ती न काढताच पिनवर घण घालून बीमचा (आडव्या अ‍ॅक्सलचा) डोळा फाडणारे लोक मी पाहिले आहेत. नव्या बुशचे ग्रीसचे छिद्र नकलच्या छिद्राशी जुळवून मगच ती दाबा. बुश दाबल्यावर आतून आकुंचन पावते, म्हणून रीमर लागतो, आणि तो वरची व खालची बुश एकाच रेषेत कापणारा लांब रीमर असावा. ड्रिलला पॉलिश कागद गुंडाळून केलेले काम दिसायला चकचकीत असते, पण छिद्र तोंडाशी रुंद आणि मध्ये अरुंद होते. तेल लावलेली पिन अंगठ्याच्या जोराने आत गेली पाहिजे आणि स्वतःच्या वजनाने खाली पडता कामा नये. थ्रस्ट बेअरिंग बीमच्या डोळ्याखाली बसते. वरची मोकळी फट शिमने भरा.

तपासणी: नकल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्याच जोराने फिरतो का? मध्येच अडत असेल तर पुढे जाऊ नका.

## ६. हब, बेअरिंग आणि ब्रेक

बेअरिंगची कप आणि कोन ही जोडी एकत्रच बदला. चाक फिरवत नट आवळा, चाक जड झाले की नट सुमारे एक षष्ठांश फेरा मागे घ्या, मग लॉक वॉशर आणि दुसरा नट लावा आणि वॉशरची कड वळवा. दुसरा नट आवळल्यावर प्ले पुन्हा तपासा, कारण तो पहिल्याला किंचित ढकलतो. हब उघडाच आहे तर रबरी ब्रेक होज आणि व्हील सिलिंडरची रबरे बदलून घ्या आणि मगच ब्रेकमधली हवा काढा.

## ७. टाय रॉड आणि ड्रॅग लिंक

टाय रॉडच्या एका टोकाला उलटा आटा असतो, म्हणूनच नळी फिरवली की लांबी कमी-जास्त होते. दोन्ही टोके सारख्या संख्येच्या आट्यांवर चढवा आणि क्लॅम्प अजून सैलच ठेवा.

जुन्या पद्धतीच्या ड्रॅग लिंकमध्ये चेंडूभोवती वाट्या, स्प्रिंग आणि प्लग असतात, आणि त्यांचा क्रम दोन टोकांना वेगळा असतो. उतरवतानाच कागदावर चित्र काढून ठेवा. प्लग पूर्ण आवळून अर्धा ते एक फेरा मागे घ्यायचा असतो आणि मग कॉटर पिन घालायची असते. नुसताच आवळून ठेवला तर सांधा जखडतो आणि खड्ड्यावर स्टिअरिंगला झटका बसतो. ज्या गाड्यांत मध्ये बेलक्रँक (ड्रॅग लिंकची ओढ टाय रॉडकडे वळवणारा, पिनवर फिरणारा आर्म) असते, त्यांत तिची पिन आणि बुश याच वेळी बदला. मोकळ्या प्लेचा मोठा वाटा तिचाच असतो.

कॉटर पिना नव्या वापरा. इंदूरच्या सियागंज बाजारात त्यांची आख्खी पुडी चहाच्या दोन कपांच्या पैशांत मिळते, तरी जुनी सरळ करून घालणारे आहेतच.

## ८. स्टिअरिंग बॉक्स

ड्रॅग लिंक बॉक्सपासून सुटी ठेवा. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, फेरे मोजा आणि बरोबर निम्म्यावर आणून ठेवा. कॅम आणि लिव्हरच्या बॉक्समध्ये मध्यभागी लिव्हरची खुंटी कॅमच्या खाचेत मुद्दाम घट्ट बसवलेली असते, म्हणून सेटिंग फक्त याच स्थितीत करायचे. आधी स्टिअरिंगच्या दांड्याचा वर-खाली प्ले शिमांनी काढा, त्यानंतर बाजूचा स्क्रू आवळा. मध्यावर किंचित ओढ जाणवावी आणि दोन्ही बाजूंना स्टिअरिंग मोकळे व्हावे. चाके वळलेली असताना स्क्रू आवळला तर मध्यावर बॉक्स जखडतो. सुरुवातीला सांगितलेले, वळणानंतर चाके सरळ न होणे, ते इथूनच येते.

बॉक्समध्ये पुस्तिकेप्रमाणे गिअर ऑइल भरा. सील गळते म्हणून ग्रीस भरू नका, सील बदला.

## ९. टो-इन आणि मध्य जुळवणे

गाडी चाकांवर उतरवा, शॅकलचे बोल्ट आवळा आणि सपाट जागेवर ती हाताने काही मीटर पुढे ढकला. जीपच्या सीजे मालिकेतल्या या अ‍ॅक्सलसाठी कॅस्टर ३ अंश, कॅम्बर (चाकाचा वरून बाहेर झुकाव) दीड अंश आणि टो-इन सुमारे १.२ ते २.४ मिमी असते. कॅम्बर सहसा जुळवता येत नाही. तो चुकीचा आला तर अ‍ॅक्सल किंवा नकल वाकलेला आहे.

टो-इन घरी मोजता येतो. दोन्ही पुढच्या टायरांच्या पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर, मध्यभागी खडूने बारीक रेघ मारा आणि दोन रेघांमधले अंतर मोजा. गाडी पुढे ढकलून त्याच रेघा मागच्या बाजूला हबच्या उंचीवर आणा आणि पुन्हा मोजा. मागचे माप जितके जास्त, तितका टो-इन. गाडी खुणेच्या पुढे गेली तर मागे ओढून जुळवू नका, कारण सांध्यांतली मोकळीक उलट दिशेला जाते आणि माप बदलते. सुरुवातीपासून पुन्हा करा. टाय रॉड फिरवून माप आणा आणि क्लॅम्प आवळा.

यानंतर चाके सरळ, बॉक्स मध्यावर, आणि मगच ड्रॅग लिंक जोडा. स्टिअरिंग चाकाचे आरे तिरके दिसत असतील तर चाक उपटून दुसऱ्या दातावर बसवू नका. ड्रॅग लिंकची लांबी बदला, नाहीतर बॉक्सचा मध्य आणि चाकांचा मध्य कायमचे वेगळे राहतात. शेवटी चाके दोन्ही टोकांना वळवून स्टॉप बोल्ट बघा: टायर पाट्याला किंवा ब्रेक होजला घासता कामा नये, आणि फोर व्हील गाडीत बोल्ट मुळीच कमी करू नये, कारण आतल्या जॉइंटची मर्यादा तोच राखतो.

## १०. चाचणी

पहिली फेरी रिकाम्या गाडीने, कमी वेगात आणि ब्रेक तपासत करा. १० किलोमीटरनंतर थांबून दोन्ही हबांना हात लावा. कोमट चालतील, हात ठेवणे अशक्य असेल तर बेअरिंग जास्त आवळले आहे किंवा ब्रेक धरतो आहे. दुसरी फेरी पहाटे इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर घ्या, कारण तिथे रुंद आणि सरळ रस्ता सलग मिळतो. वेग हळूहळू ताशी ५० पर्यंत न्या आणि ४० ते ५० दरम्यान स्टिअरिंग काय सांगते ते बघा. थरथर आली तर टायरचा तोल आणि रिमचा डोलणेपणा तपासा, मग पाचव्या टप्प्यावर परत जा. डॅम्पर विकत आणू नका. इंदूर-खंडवा रस्त्यावरचा, सिमरोलच्या पुढचा भेरूघाट या फेरीत घेऊ नका. तो यू-बोल्ट पुन्हा आवळून झाल्यावर.

५० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट, शॅकल आणि चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासा. पहिल्या वेळी यू-बोल्टचे नट थोडे फिरतातच, कारण पाट्यांचे थर अजून एकमेकांवर बसत असतात. दुसऱ्या वेळीही फिरले, तर सेंटर बोल्टचे डोके छिद्रात उतरलेले नाही असे समजा आणि ती बाजू उघडा. पाटे बसले की गाडीची उंची काही मिलिमीटरने उतरते आणि ड्रॅग लिंकचा कोन बदलतो, म्हणून ५०० किलोमीटरनंतर टो-इन आणि आऱ्यांची पातळी पुन्हा एकदा मोजून ती मापे पहिल्या दिवशीच्या मापांशेजारी वहीत लिहा.